पगार खात्यात आल्यावर कोणाचा?

बँकेतले खाते बंद करण्याच्या अर्जावर ‘कारण’ अशी एक लहानशी ओळ असते. बँकेत ३१ वर्षे काढल्यामुळे त्या ओळीवर लोक काय लिहितात हे मला पाठ झाले होते: बदली झाली, लग्न झाले, घराजवळ दुसरी शाखा उघडली, खातेदार वारले. नोकरीच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत, मी भोसरीजवळच्या एका शाखेत असताना, तिथे ‘वैयक्तिक’ एवढाच शब्द वारंवार दिसू लागला. तो लिहिणारे बहुतेक जण पंचविशी-तिशीतले, भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला असलेले आणि शिफ्ट सुटल्यावर गणवेशातच आलेले असत. चौकशी केली की त्या ‘वैयक्तिक’मागे मोबाइलवरच्या ॲपमधून घेतलेले, पुढच्या पगाराला फेडायचे कर्ज निघे.

त्यांतल्या एकाच्या खात्याचा उतारा मी अजून विसरलेले नाही. धाराशिवकडचा मुलगा, मोशीत चौघांत मिळून एक खोली, त्याच्या वाट्याचे भाडे ३,२०० रुपये. “मॅडम, खातं बंद करायचंय. आजच होईल ना?” एवढेच तो म्हणाला, अर्ज त्याने आधीच भरून आणला होता. मी उतारा काढला. ७ तारखेला पगाराचे १७,२०० रुपये जमा झाले होते आणि त्याच दिवशी एका कर्ज-कंपनीचे १३,००० रुपये वजा झाले होते. शिल्लक ४,२०० असताना दुसऱ्या कंपनीची ६,५०० रुपयांची आणि तिसरीची ४,८०० रुपयांची मागणी आली; पुरेसे पैसे नसल्याने दोन्ही परत गेल्या आणि बँकेने प्रत्येक परतीचे ५०० रुपये व त्यावरचा जीएसटी धरून ५९०, म्हणजे एकूण १,१८० रुपये कापले. १० तारखेला त्याच दोन मागण्या पुन्हा आल्या, पुन्हा परत गेल्या आणि पुन्हा १,१८० रुपये कापले गेले. पगार झाल्याच्या चौथ्या दिवशी त्याच्या खात्यात १,८४० रुपये उरले होते, आणि बँकेने घेतलेल्या २,३६० रुपयांतला एकही रुपया त्याच्या कुठल्याच कर्जातून वजा झालेला नव्हता. भाडे द्यायला त्याने ११ तारखेला चौथ्या ॲपवरून कर्ज घेतले. उताऱ्यात तीही नोंद होती.

अशा माणसाने खाते बंद करावे का, हे निवृत्तीनंतरही मला अनेक जण विचारतात. आमच्या सोसायटीचा सुरक्षारक्षक विचारतो आणि हिंजवडीत बऱ्या पगारावर असलेला भाचाही त्याच्या मित्रासाठी म्हणून विचारतो. बंद करू नये, असेच मी सांगते आणि त्याची कारणे पुढे देते. पण ते सांगताना दर वेळी मन खाते, कारण खाते बंद करावेसे वाटले यात त्या मुलाचे काही चुकले होते असे मला वाटत नाही. स्वतःच्या कष्टाचे पैसे स्वतःच्या घरी न्यायला कायद्याने त्याच्यापुढे दुसरी सरळ वाट ठेवलेली नाही, आणि ती ठेवायला हवी, हे माझे म्हणणे आहे.

आधी हे पैसे खात्यातून जातात कसे, ते पाहू. कर्ज मंजूर होण्याच्या आधीच्या टप्प्यावर ॲप खात्याचा क्रमांक विचारते आणि आधारच्या ओटीपीने, डेबिट कार्डाने किंवा नेटबँकिंगने एक मंजुरी घेते. बँकेच्या भाषेत तिला मॅन्डेट म्हणतात. ही मागणी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या ‘नॅच’ या यंत्रणेतून बँकेकडे येते, आणि १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. मॅन्डेटवर रकमेची कमाल मर्यादा लिहिलेली असते, आणि ती प्रत्यक्ष हप्त्यापेक्षा बरीच मोठी असू शकते. मुदतही कर्जाच्या मुदतीच्या पुढे गेलेली असू शकते. म्हणजे दोन मिनिटांत, ओटीपीचे सहा आकडे टाकून, माणूस आपल्या खात्याची एक किल्ली दुसऱ्याच्या हातात देतो. पूर्वी हप्त्यासाठी आगाऊ तारखांचे चेक सही करून द्यावे लागत, तेव्हा निदान किती चेक दिले आणि चेकबुकात किती उरले हे डोळ्यांना दिसत असे.

कर्जाचा भावही लक्षात घ्यायला हवा. या मुलाने १०,००० रुपयांचे कर्ज घेतले होते. प्रोसेसिंग फी १,००० आणि तिच्यावरचा जीएसटी १८० आधीच कापून हाती ८,८२० आले. दिवसाला एक टक्का व्याजाने ३० दिवसांनी १३,००० फेडायचे होते. ८,८२० रुपये महिनाभर वापरण्याचे ४,१८० रुपये, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने दर ५०० टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जापूर्वी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यावे लागते, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे असे एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. त्याच्या मोबाइलवर ते विवरणपत्र होते. इंग्रजीत होते, आणि ते त्याने माझ्यासमोर पहिल्यांदा उघडले.

आता खाते बंद केले तर काय होते? पहिली अडचण काउंटरवरच येते. बँक आधी थकलेले सगळे आकार वसूल करते, आणि शिल्लक शून्याखाली असेल तर तेवढे पैसे भरल्याशिवाय खाते बंद होत नाही. किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१४ च्या परिपत्रकापासून आहे. पण मॅन्डेट परत गेल्याचा आकार हा वेगळा आकार असतो आणि तो पुढच्या पगारातून ओढून घेतला जातो. कर्ज त्याच बँकेचे असेल तर प्रश्न आणखी अवघड, कारण १८७२ च्या करार कायद्याने बँकेला आपल्या येण्यापोटी खातेदाराचे पैसे धरून ठेवण्याचा अधिकार दिलेला आहे.

दुसरी गोष्ट, खाते संपते पण कर्ज संपत नाही. मॅन्डेट ‘खाते बंद’ या शेऱ्याने परत जाते, कंपनीचे दंड वाढत राहतात आणि थकबाकीची नोंद सिबिलसारख्या, प्रत्येकाच्या कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थांकडे होते. तिसरी गोष्ट लोकांना क्वचितच ठाऊक असते. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याचे २५ वे कलम चेक न वटल्याच्या १३८ व्या कलमाच्या धर्तीवर लिहिलेले आहे: खात्यात पैसे नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक मागणी परत गेली तर दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चेकच्या बाबतीत खातेच बंद करून टाकणारा माणूसही या कलमातून सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलेले आहे. तेव्हा खाते बंद केल्याने आपण कायद्याच्या कक्षेबाहेर गेलो, असे मानणे धोक्याचे आहे. मात्र याच कलमाचा धाक दाखवून ‘उद्या सकाळी पोलीस येतील’ असे जे निरोप व्हॉट्सॲपवर पाठवले जातात, तेही खोटे असतात. मागणी परत गेल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत कंपनीने लेखी नोटीस द्यायला हवी, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरण्याची मुभा कर्जदाराला असते, आणि त्यानंतरच कोर्टात तक्रार करता येते. हे १५ दिवस महत्त्वाचे आहेत. ज्याने खाते बंद केले, मोबाइल क्रमांक बदलला आणि खोलीही बदलली, त्याला नोटीस आल्याचेच कळत नाही आणि ते दिवस हातचे जातात.

आणखी एक नुकसान कोणी बोलत नाही. पीएफ काढताना पैसे यूएएनशी, म्हणजे कामगाराच्या पीएफ क्रमांकाशी, जोडलेल्या खात्यात जातात आणि ते खाते बंद असेल तर दावा परत येतो. कर्ज फेडायला हाच पैसा उपयोगी पडला असता, अशी माणसे मी पाहिली आहेत. नवे खाते जोडून घेण्यात त्यांचे आठवडे जात आणि तेवढ्या दिवसांचे व्याज चढत राही.

म्हणून मी सांगते ते असे. आधी दुसऱ्या एखाद्या बँकेत, जिथे आपले कसलेही देणे नाही तिथे, किमान शिल्लक न लागणारे मूलभूत बचत खाते उघडावे आणि पगार तिकडे वळवण्याचा अर्ज कंपनीला द्यावा. पगाराच्या याद्या आठवडाभर आधी तयार होतात, त्यामुळे हा अर्ज महिन्याच्या मध्यातच द्यायला हवा. जुने खाते चालू ठेवावे आणि पीएफचे खाते बदलेपर्यंत त्याला हात लावू नये. मग प्रत्येक कर्ज-कंपनीला ईमेलने कळवावे की माझा पगार इतका, घरखर्च इतका, एकूण कर्जे इतकी आहेत, दरमहा मी तुम्हाला इतके देऊ शकतो. आणि तेवढे पैसे खरोखरच द्यावेत. मॅन्डेट रद्द करण्याचा अर्ज बँकेला आणि कंपनीला, दोघांनाही लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. पगार वळवल्यानेही मॅन्डेट परत जाईल आणि २५ वे कलम तिथेही लागू होऊ शकते, हे मी लपवत नाही. फरक एवढाच की इथे माणूस पळालेला नसतो. त्याने काय देऊ केले आणि काय दिले याचा कागद त्याच्याकडे असतो.

ज्या ॲपचे कर्ज घेतले त्यामागे नोंदणीकृत कंपनी आहे की नाही, हेही तपासावे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाला २०२१ च्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत अँड्रॉइडवर सुमारे १,१०० कर्ज-ॲप आढळली आणि त्यांतली सुमारे ६०० बेकायदा होती. जुलै २०२५ पासून बँका आणि वित्तसंस्थांनी कळवलेल्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. नोंदणीकृत कंपनीलाही मोबाइलमधले संपर्क आणि फोटो उघडण्याची परवानगी नाही, आणि वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १४४४८ हा त्याचा टोल-फ्री क्रमांक आहे.

इथपर्यंत सगळे सल्ल्याचे झाले. पण सल्ला देऊन भागत नाही, कारण तो मुलगा मला जे विचारत होता त्याचे उत्तर माझ्या अखत्यारीतले नव्हते. उतारा पाहताना त्याने १३,००० च्या नोंदीवर बोट ठेवले आणि म्हणाला, “मॅडम, मी नाही म्हणत नाही, देणारच आहे. पण मला विचारायचं तरी. आधी भाडं, मग तुमचं, एवढंच म्हटलं असतं मी.” त्याच्या या बोलण्यात मला कर्जबुडवेपणा कुठेच दिसला नाही. कुठले देणे आधी आणि कुठले नंतर हे ठरवण्याचा हक्क तो मागत होता, आणि घर चालवणाऱ्या कुठल्याही माणसाकडून हा हक्क कोणत्याही सावकाराने काढून घेऊ नये, हे आपल्या कायद्याने फार पूर्वी मान्य केलेले आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम वाचावे. एखाद्या सावकाराने रीतसर दावा लावला, वर्षानुवर्षे शिवाजीनगर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, हातात आली, तरी त्या डिक्रीच्या बळावर कर्जदाराचा सगळा पगार त्याला घेता येत नाही. पोटगीची बाब वेगळी, पण इतर देण्यांसाठी पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून मुक्त असतो. सलग किंवा तुटक मिळून २४ महिने जप्ती चालली की पुढचे १२ महिने जप्त होऊ शकणारा भागही मोकळा राहतो. मजुराची आणि घरगड्याची मजुरी तर पूर्णपणे जप्तीमुक्त आहे. याच कलमात अंगावरचे जरूर तेवढे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने यांना हात लावायला मनाई आहे. ही यादी लिहिणाऱ्यांना कर्ज फेडले जावे असेच वाटत होते. पण उद्या सकाळी कामाला जाण्याइतके त्या माणसापाशी उरले पाहिजे, हेही त्यांना कळत होते.

मालकाच्या हातूनही पगार असाच राखलेला आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगारातून एकूण ५० टक्क्यांपेक्षा जास्त कपात करता येत नसे, सहकारी संस्थेचे देणे असेल तरच ती ७५ टक्क्यांपर्यंत जाई. आणि २०१९ च्या वेतन संहितेत ५० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे पैसे मालकाकडे असेपर्यंत त्यांतला निम्मा भाग सुरक्षित, कोर्टाचा बेलिफ आला तरी दोन-तृतीयांश सुरक्षित. ते खात्यात जमा झाले रे झाले की मॅन्डेटवाल्याला मात्र सगळेच्या सगळे उचलता येतात. या मुलाच्या पगाराचा हिशेब कोर्टाच्या नियमाने केला, त्याला मजूर न धरता पगारदार धरले, तरी १७,२०० मधून १,००० वजा जाता १६,२०० चा एक-तृतीयांश, म्हणजे ५,४०० रुपयेच जप्त होऊ शकले असते. कुठल्याही कोर्टात न गेलेल्या कंपनीने एका सकाळीत १३,००० घेतले. डिक्री हातात असलेल्या सावकारापेक्षा ओटीपी हातात असलेला सावकार अधिक बलवान ठरावा, हे कुठल्या न्यायाने?

या प्रश्नाला एक उत्तर मिळते आणि ते मी हलके मानत नाही. माझे एक जुने सहकारी, निवृत्तीनंतर एका पतसंस्थेला मदत करतात, ते म्हणतात, “अहो, त्याने स्वतः सही केली आहे. तारण नाही, जामीनदार नाही. मॅन्डेटचाही आधार काढून घेतला तर त्याला कर्ज देणार कोण? तो पुन्हा नाक्यावरच्या सावकाराकडेच जाईल.” त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. मॅन्डेटवर मर्यादा आली तर महिन्याभराची काही कर्जे मिळेनाशी होतील आणि त्यांतल्या काहींची गरज खरी असेल. आईला दवाखान्यात न्यायचे असेल, मुलाच्या शाळेची फी असेल. पण जे कर्ज माणसाचा जवळजवळ सगळा पगार उचलल्याशिवाय वसूल होत नाही, ते तेवढ्या रकमेचे आणि तेवढ्या मुदतीचे द्यायलाच नको होते. पगाराचा एक-तृतीयांशच मिळणार हे आधीपासून ठाऊक असेल तर कंपनी तेच १०,००० रुपये तीन-चार हप्त्यांत मागेल, आणि याच पगारावर आणखी कोणाकोणाची मॅन्डेट आहेत हेही कर्ज देण्याआधी बघेल. आज ते बघण्याची तिला गरज नाही, कारण पगाराच्या दिवशी पहिला हात मारला की तिचे काम भागते. पाठीमागे येणाऱ्याचे बुडते आणि कर्जदाराचे घर बुडते.

पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कारखान्यांत कायम कामगारांच्या पतसंस्था कितीतरी वर्षे हेच काम करत आल्या आहेत. तिथेही हप्ता पगारातूनच कापला जातो. पण कर्ज मंजूर करताना हातात किती पगार पडेल हे पाहिले जाते, दोन सहकारी जामीन राहतात, आणि संचालक मंडळात बसलेला माणूस त्याच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्याच विभागात, काम करणारा असतो, त्यामुळे घरात आजारपण आहे म्हटल्यावर एखादा हप्ता पुढे ढकलण्याची विनंती ऐकायला कोणीतरी असते. आज त्याच शॉपमध्ये ठेकेदाराकडून आलेला मुलगा तेच काम करतो, पण त्याला त्या पतसंस्थेचे सभासदत्व मिळत नाही. ॲपचा धंदा नेमका याच माणसाच्या जिवावर उभा आहे. या मुलांना पतसंस्थेत घेण्याचा मार्ग काढणे हे कामगार संघटनांचे काम आहे, आणि त्यांनी ते अजून मनावर घेतलेले नाही.

पुणे जिल्ह्याला तर हा प्रश्न नवा नाही. आता बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि त्यांच्याकडची कर्जखते व खातेवह्या काढून जाळल्या. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. त्यांचा राग मुख्यतः त्या कागदावर होता, कारण अंगठा उठवताना त्यावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते आणि एकदा अंगठा उठला की कोर्ट फक्त कागद पाही. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या: कर्जखतावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्याचे काम न्यायाधीशाला सांगितले, आणि पैशाच्या डिक्रीसाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद केले. परकी सरकारलाही कळले होते की सही झाली म्हणून सगळे न्याय्य ठरत नाही. माझ्या सहकाऱ्यांच्या ‘त्याने सही केली आहे’ या वाक्याला याच जिल्ह्याने दिलेले उत्तर दीडशे वर्षांचे जुने आहे.

दामदुपटीचा नियमही आपलाच. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा जास्त मागता येणार नाही, हा हिंदू धर्मशास्त्रातला नियम मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी पिढ्यान्‌पिढ्या लावला. पगाराच्या दिवशी फेडायच्या कर्जांनी ब्रिटनमध्ये धुमाकूळ घातला तेव्हा तिथल्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने २ जानेवारी २०१५ पासून जे बंधन घातले ते पाहण्यासारखे आहे. व्याज आणि आकार मिळून दिवसाला ०.८ टक्क्यापेक्षा जास्त नाही, हप्ता चुकल्याचा दंड १५ पौंडांपेक्षा जास्त नाही, आणि सगळे मिळून कर्जदाराने मुद्दलाच्या दुपटीपेक्षा अधिक कधीही भरायचे नाही. त्याआधी जुलै २०१४ मध्ये त्यांनी आणखी एक नियम केला होता: खात्यातून परस्पर पैसे काढण्याचे दोन प्रयत्न फसले की तिसरा करायचा नाही. दामदुपट लंडनमध्ये लागू होऊ शकते, तर ती मोशीत लागू करायला अडचण कोणती?

माझ्या मागण्या यापेक्षा मोठ्या नाहीत. पगार म्हणून जमा झालेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग पुढच्या पगारापर्यंत मॅन्डेटच्या आवाक्याबाहेर ठेवावा. पगाराची जमा कोणती हे ओळखणे बँकांना अवघड नाही, कारण ती ओळखूनच त्या पगारदाराला क्रेडिट कार्डाचे फोन करतात. ज्यांना मोठे गृहकर्ज आहे आणि ज्यांचा पगार मोठा आहे, त्यांच्यासाठी ही मर्यादा एका ठरावीक पगाराच्या वर सैल करता येईल. त्यावर चर्चा होऊ शकते. एका महिन्यात एका मॅन्डेटची मागणी दोनदाच यावी आणि तिच्या परतीचा आकार एकदाच लागावा. परत गेलेल्या मागणीला बँकेला प्रत्यक्षात किती खर्च येतो, हे ३१ वर्षे बँकेत काम केलेल्या माणसाला कोणी सांगण्याची गरज नाही. यंत्र ते काम करते आणि ५९० रुपये लागावेत असे त्यात काही नसते. ज्याच्याकडे पैसे नाहीत हे सिद्ध झाले आहे, त्याच्याकडूनच पैसे नसल्याचा आकार घ्यायचा, ही पद्धत मी माझ्या हातांनी राबवली आहे आणि तिचे समर्थन मला करता येत नाही.

आणि मॅन्डेट रद्द करण्याचा हक्क खातेदाराला त्याच्या स्वतःच्या शाखेत, त्याच दिवशी, कर्ज-कंपनीच्या संमतीवाचून मिळावा. चेकचे पैसे देऊ नका असे ग्राहकाने लेखी सांगितले तर बँक थांबते, परिणामांची जबाबदारी ग्राहकाची राहते. मॅन्डेटला वेगळा न्याय नको. प्रत्यक्षात काउंटरवर काय होते ते मी सांगते. ‘कंपनीकडून पत्र आणा’ असे आम्ही सांगत असू. कंपनी म्हणजे कुठले तरी ॲप, त्याला कार्यालय नाही, फोन लागत नाही, ईमेलला यंत्राचे उत्तर येते. पत्र मिळणार नाही हे आम्हालाही ठाऊक असे. तरीही मी ते कित्येकांना सांगितले, कारण वरून तशीच सूचना होती आणि मागे रांग उभी होती. माणूस मान हलवून निघून जाई आणि दोन दिवसांनी खाते बंद करण्याचा अर्ज घेऊन येई.

धाराशिवच्या त्या मुलाचे खाते मी त्या दिवशी बंद केले नाही. शाखा बंद झाल्यावर अर्धा तास बसून त्याच्याबरोबर देणे उरलेल्या तिन्ही कंपन्यांना ईमेल लिहिले आणि दुसऱ्या बँकेत शून्य शिल्लकीचे खाते उघडायला सांगितले. ते त्याने उघडले. पण पगार तिकडे वळवण्याचा अर्ज घेऊन तो ठेकेदाराकडे गेला, तेव्हा सगळ्या पोरांचा पगार एकाच बँकेतून होतो, एकट्यासाठी यादी बदलता येणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. तीनपैकी एका कंपनीने हप्ते पाडून दिले, दुसरीने उत्तरच दिले नाही, आणि तिसरीचा फोन रोज येत राहिला. पुढचे काही महिने तो दर ७ तारखेला रात्रपाळी मागून घेई, आणि पहाटे सुटल्यावर खोलीवर न जाता मोशीच्या चौकातल्या एटीएमपाशी मोबाइल हातात धरून थांबे. पगार जमा झाल्याचा मेसेज आणि कंपनीची मागणी यांच्यात जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात भाड्याचे आणि घरी पाठवायचे पैसे काढून घ्यायचे असत. कधी ते जमे, कधी मागणी आधी येई.